दुधातील आयोडीन आणि गायीची अवटु ग्रंथी



सकाळी मुलाच्या हाती आपण दुधाचा पेला देतो, तेव्हा त्या पेल्यात काय काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेकांना त्याचे उत्तर देता येईल. स्निग्धांश आहे, प्रथिने आहेत, दुग्धशर्करा आहे, हाडांना लागणारा चुना आहे. परंतु त्याच पेल्यात आयोडीनही असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. न येण्याचे कारण उघड आहे. एका लिटर दुधात ते काही दशक मायक्रोग्रॅमपासून काही शे मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ग्रॅमच्या लक्षांशाच्या हिशेबाने असते. त्याला रंग नाही, चव नाही, आणि सायीसारखे ते वरही येत नाही. तथापि एवढ्याशा अंशावर त्या मुलाच्या शरीराची वाढ आणि बुद्धीचा विकास अवलंबून असतो. दुधात हा अंश किती उतरावा हे कोण ठरवते, गायीचा चारा, तिची कास की तिच्या कंठातील एक लहानशी ग्रंथी, या प्रश्नाचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम आयोडिनाचा थोडा पूर्वेतिहास. 1811 साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा हा सोऱ्याचा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करीत होता. राखेत गंधकाम्ल प्रमाणाबाहेर पडले आणि भांड्यातून जांभळ्या रंगाची सुंदर वाफ वर आली. ग्रीक भाषेत जांभळ्या रंगाचा जो वाचक शब्द आहे, त्यावरून या नव्या मूलद्रव्याला पुढे आयोडीन हे नाव मिळाले. अवघ्या नऊ वर्षांनी, 1820 मध्ये, जिनिव्हाचे वैद्य क्वँदे यांनी गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन देऊन पाहिले. समुद्रातील स्पंज जाळून त्याची राख गलगंडावर देण्याची वहिवाट युरोपात जुनी होती. त्या राखेतील गुणकारी द्रव्य आयोडीनच असावे, असा त्यांचा तर्क होता, आणि तो खरा ठरला. 1895 साली जर्मनीत बाउमान यांना अवटु ग्रंथीतच आयोडीन सापडले आणि या तर्काला रसायनशास्त्राचा आधार मिळाला. 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल यांनी या ग्रंथीचे संप्रेरक स्फटिकरूपाने वेगळे केले. थायरॉक्सिन ते हेच. 1926 आणि 1927 या दोन वर्षांत हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि बार्जर यांच्या साहाय्याने ते प्रयोगशाळेत तयारही केले. 1952 मध्ये ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांनी त्याचे अधिक प्रभावी भावंड, ट्रायआयोडोथायरोनीन, उजेडात आणले. पहिल्यात आयोडिनाचे चार अणू असतात, दुसऱ्यात तीन. थायरॉक्सिनच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग निव्वळ आयोडिनाचा असतो, यावरून या द्रव्याची त्याला किती गरज आहे याची कल्पना यावी.

ही अवटु ग्रंथी माणसाच्या गळ्यात जशी श्वासनलिकेला बिलगून असते, तशीच ती गायीच्याही गळ्यात असते. शरीरातील चयापचयाचा वेग राखणे हे तिचे मुख्य कार्य. गर्भातील मेंदूची घडण तिच्याविना नीट होत नाही, आणि दुभत्या जनावराचे दूधही तिच्याविना भरघोस उतरत नाही. चाऱ्यातून आलेले आयोडीन आयोडाइडच्या रूपाने रक्तात उतरते. ग्रंथीच्या पेशींच्या आवरणात त्याला आत ओढून घेणारी एक प्रथिनमय यंत्रणा असते. रक्तात आयोडाइड अल्प असले आणि ग्रंथीत पुष्कळ असले, तरीही ही यंत्रणा ते आत खेचू शकते. तिच्या कामावर मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीची देखरेख असते. रक्तातील थायरॉक्सिन उतरले की पोष ग्रंथी आपले प्रेरक द्रव्य अधिक सोडते आणि अवटु ग्रंथी अधिक आयोडाइड ओढू लागते. थायरॉक्सिन वाढले की ती प्रेरणा मंदावते आणि ओढही कमी होते.

आता दुधाकडे वळू. कासेतील दुग्धपिंडातही आयोडाइड ओढणारी हीच यंत्रणा असते. तिचे जनुक 1996 साली संशोधकांच्या हाती लागले, आणि स्तन्यग्रंथीतही तेच प्रथिन कार्य करते, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. त्यातील एक सूक्ष्म भेद महत्त्वाचा आहे. अवटु ग्रंथीतील यंत्रणा जन्मभर चालू असते, तर स्तन्यग्रंथीतील यंत्रणा दूध येण्याच्या काळापुरती जागी होते. तिला जागवणारी संप्रेरके वेगळी, म्हणजे पान्ह्याशी आणि स्तन्यनिर्मितीशी संबंध असलेली आहेत. पोष ग्रंथीच्या ज्या प्रेरक द्रव्याचा अंमल अवटु ग्रंथीवर चालतो, त्याचा तसा अंमल कासेवर चालत नाही.

हे सारे एका ओळखीच्या दृष्टान्ताने अधिक स्पष्ट होईल. एक पाट वाहतो आहे अशी कल्पना करा. पाटातले पाणी म्हणजे रक्तातील आयोडाइड. या पाटाला तीन दारे आहेत. पहिले दार अवटु ग्रंथीचे, दुसरे मूत्रपिंडाचे आणि तिसरे कासेचे. मूत्रपिंडाच्या दारातून सर्वांत अधिक पाणी वाहून जाते. कासेचे दार वेतापुरते उघडते, आणि उघडल्यावर त्यातून जाणारे पाणी मुख्यतः पाटात किती पाणी आहे यावर ठरते. अवटु ग्रंथीच्या दारावर मात्र एक दक्ष पाटकरी उभा असतो. पाटात पाणी कमी झाले की तो आपले दार अधिक उघडतो, म्हणजे ग्रंथीच्या शेताला तहान राहू नये. पाणी मुबलक झाले की तो दार आवळतो. याचा परिणाम असा की गायीला आयोडीन कमी पडू लागले तर त्यातला मोठा वाटा तिची स्वतःची ग्रंथी घेते आणि दुधाच्या वाट्याला फार थोडे येते. आयोडीन भरपूर मिळाले तर ग्रंथी आपल्या गरजेपुरते घेते आणि दुधातील अंश चाऱ्यातील अंशाबरोबर चढत जातो. म्हणून गायीच्या दुधातील आयोडीन हे तिच्या गव्हाणीतील आयोडिनाचे बरेचसे विश्वासार्ह प्रतिबिंब असते. स्निग्धांशाच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. तेथे जनावराच्या जातीचा वाटा मोठा असतो.

या पाटाचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. शेतात गेलेले पाणी जसे पाझरून पुन्हा ओढ्याला मिळते, तसे थायरॉक्सिन आपले कार्य करून मोडले की त्यातील आयोडीन सुटते आणि पुन्हा रक्तात येते. अवटु ग्रंथीने घेतलेले आयोडीन दुधाला कायमचे अंतरते असे म्हणूनच म्हणता येत नाही. ते काही काळाने, वेगळ्या मार्गाने, त्याच पाटात परत येते. संप्रेरक स्वतः मात्र दुधात अत्यल्प प्रमाणातच उतरते. दुधात जे आयोडीन असते ते बहुतांशी साध्या आयोडाइडच्या रूपात, पाण्यात विरघळलेले असते. यातून गृहिणींच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. दुधातील आयोडीन लोण्यात आणि तुपात फारसे जात नाही, ते ताकात राहते. पनीर केले तर ते मुख्यत्वे गाळलेल्या पाण्याबरोबर जाते. आपल्याकडे तुपाची जी प्रतिष्ठा आहे तिला यामुळे काही बाध येत नाही, पण ताकालाही थोडा मान द्यावयास हरकत नसावी.

आता प्रश्न असा की गायीला बाहेरून थायरॉक्सिन दिले तर काय होईल? हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. 1934 साली ग्रॅहॅम यांनी अवटु ग्रंथीच्या संप्रेरकाने गायीचे दूध आणि त्यातील स्निग्धांश वाढतो, असे दाखवले. परंतु शुद्ध थायरॉक्सिन फार महाग पडे. 1942 च्या सुमारास अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात राइनेके आणि टर्नर यांनी दुधातील केसिन या प्रथिनाचाच आयोडिनाशी संयोग घडवून एक स्वस्त द्रव्य तयार केले. पोटात गेल्यावर त्यातून थायरॉक्सिनचा परिणाम घडे. महायुद्धाचे दिवस होते, अन्नाची टंचाई होती, आणि ब्रिटनमध्ये ब्लॅक्स्टर प्रभृतींनी या द्रव्याचे प्रयोग दुभत्या गायींवर केले. ते खाऊ घातल्यावर थोड्याच दिवसांत दूध दहा-वीस टक्क्यांच्या आसपास वाढे. ज्या गायींचे वेत उताराला लागले आहे त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसे. पाहणाऱ्याला वाटावे, कामधेनूच दारी आली!

परंतु हिशेबाची दुसरी बाजू हळूहळू पुढे आली. गायींची नाडी आणि श्वास जलद होई, उन्हाळा त्यांना सोसवत नसे, आणि अधिक खुराक दिला नाही तर त्यांचे वजन झपाट्याने घटे. जनावर आपल्या अंगावरचे मांस आणि चरबी वितळवून दूध देत होते. काही आठवड्यांनी वाढ ओसरे, आणि ते द्रव्य बंद केले की दूध पूर्वीच्याही खाली कोसळे, कारण एवढ्या काळात गायीची स्वतःची ग्रंथी स्वस्थ बसलेली असे. तिला पुन्हा कामाला लागण्यास वेळ लागे. संपूर्ण वेताची बेरीज केली तर पदरात फारसे काहीच पडत नसे. निसर्गाचा कल याच्या उलट दिसतो, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, दूध ऐन भरात असताना, जातिवंत गायीच्या रक्तातील थायरॉक्सिन वाढत नाही, उलट उतरते. शरीराच्या इतर भागांचा खर्च आवरता घेऊन कासेला पुरवठा करण्याची ही तिची काटकसर आहे. बाहेरून थायरॉक्सिन देणारा मनुष्य नेमकी हीच काटकसर मोडून काढत होता.

या प्रयोगांत दुधातील आयोडिनाचे काय होते? पाटाच्या दृष्टान्ताने उत्तर काढता येते. एक तर त्या द्रव्यातच आयोडीन विपुल असल्यामुळे पाटाला मोठाच लोंढा येतो. दुसरे असे की बाहेरचे संप्रेरक मिळताच पाटकऱ्याला वाटते, आता आपल्या शेताला पाणी नको, आणि तो दार आवळतो. अवटु ग्रंथीची ओढ सुटली की रक्तात अधिक आयोडाइड शिल्लक राहते, आणि ते मूत्रपिंडाला व कासेला मोकळे होते. म्हणजे संप्रेरक कासेला आज्ञा देत नाही. ते दुसऱ्या मागणीदाराला पंगतीतून उठवते, इतकेच. दूध एकंदरीत वाढले तर तेच आयोडीन अधिक दुधात विभागले जाते, हेही हिशेबात धरावे लागते. लिटरमागचा अंश आणि दिवसभराचा एकूण अंश हे दोन वेगळे आकडे आहेत. त्यांची गल्लत करू नये.

आता एक उलटी बाजू पाहू. काही वनस्पतींत असे घटक असतात की जे आयोडाइडची वाट अडवतात. 1928 मध्ये अमेरिकेत चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांना दुसऱ्याच कामासाठी कोबीवर वाढवीत असता त्या सशांना गलगंड झाल्याचे आढळून आले. कोबी, सलगम, मोहरी या एकाच कुळातील वनस्पती. त्यांतील काही द्रव्ये पोटात गेल्यावर थायोसायनेट निर्माण होते. कोवळी ज्वारी गुरांना बाधते, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्या विषाचा अल्प अंश शरीर पचवते, पण पचवताना त्याचेही थायोसायनेटच होते. हे थायोसायनेट आयोडाइड ओढणाऱ्या यंत्रणेच्या तोंडाशी स्वतः उभे राहते आणि आयोडाइडला आत येऊ देत नाही. अवटु ग्रंथीत आणि कासेत यंत्रणा एकच असल्यामुळे दोन्ही दारे एकाच वेळी अडतात. अशा वेळी गायीला आयोडीन देऊनही दुधात ते कमी उतरते आणि मूत्रावाटे वाया जाते. मोहरीच्या वर्गातील पेंड मोठ्या प्रमाणात खाणाऱ्या गायींच्या दुधात आयोडीन घटते, हे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. पेंड टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. पेंडीबरोबर खनिजांचाही विचार करावा, एवढाच त्याचा अर्थ.

हा विचार केवळ गोठ्यापुरता राहत नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर 1950 पासून शाळकरी मुलांना आयोडिनाच्या गोळ्या दिल्या जात होत्या, तरीही काही भागांत गलगंड हटेना. मुलांना शाळेत दूध मिळत होते, आणि गायींच्या चाऱ्यात कोबीवर्गातील एक वैरण वाढली होती. त्यातील अपायकारक द्रव्य दुधातून मुलांपर्यंत जात असावे, असा संशय 1956 च्या सुमारास क्लेमेंट्स आणि विशार्ट यांनी व्यक्त केला. तो संशय पुढे निर्विवाद सिद्ध झाला नाही. पण गायीच्या चाऱ्याचा आणि मुलाच्या गळ्याचा संबंध असू शकतो, हा विचार त्यामुळे शास्त्रज्ञांच्या मनात रुजला.

तो संबंध एका भयंकर रीतीने जगापुढे आला. अणुभट्टीत आयोडिनाचे एक किरणोत्सर्गी रूप तयार होते, त्याला आयोडीन-131 म्हणतात. 10 ऑक्टोबर 1957 रोजी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागल्याचे उघडकीस आले. हवेतून आलेले आयोडीन गवतावर बसले. गाय दिवसभरात कितीतरी चौरस मीटर गवत चरते, म्हणजे विस्तीर्ण रानावर विखुरलेला अंश ती आपल्या पोटात गोळा करते. तिच्या रोजच्या सेवनातील ढोबळमानाने अर्धा ते एक टक्का आयोडीन दुधाच्या प्रत्येक लिटरमध्ये उतरते. ते दूध प्यालेल्या मुलाची इवलीशी अवटु ग्रंथी त्याला आपल्यात साठवते. जे प्रयोजन पोषणाचे, तेच येथे घाताचे होते. सुमारे 500 चौरस किलोमीटर प्रदेशातील दुधाची विक्री तेव्हा थांबवण्यात आली आणि ते दूध ओतून टाकण्यात आले.

26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलचा अपघात झाला, तेव्हा तेथील खेड्यापाड्यांतील मुलांचे दूध वेळीच थांबले नाही. 1991 ते 2005 या काळात बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित प्रदेशांत, अपघातसमयी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये, अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यांतील लक्षणीय भागाचे कारण ते दूषित दूध होय, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. या प्रदेशातील पुष्कळ लोकांच्या आहारात मुळातच आयोडीन कमी होते. पाटकऱ्याची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. ज्या मुलाच्या ग्रंथीचे दार तहानेने सताड उघडे होते, त्याच्या ग्रंथीत विषारी आयोडीन अधिक शिरले. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना साधे आयोडीन पाजले. हेतू हा की ग्रंथी आधीच तृप्त व्हावी आणि तिने दार लावून घ्यावे. या मूलद्रव्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. ऐंशी दिवसांत त्याचा जेमतेम हजारावा अंश उरतो. म्हणून त्यातील एवढ्याच दोषासाठी नाकारलेल्या दुधाची भुकटी करून ती तीन महिने ठेवली, तर तो दोष आपोआप ओसरतो. हे ज्ञान ज्या तपशिलावर उभे आहे तो तपशील, म्हणजे गायीच्या पोटातून कासेपर्यंत आयोडीन किती आणि किती वेळात जाते हा, 1950 नंतरच्या दशकात गोठ्यांतील प्रयोगांतून मिळालेला होता. गायीला रोज अल्प अंश पाजून तिच्या दुधाची मोजणी करीत बसलेल्या त्या माणसांचे काम तेव्हा फारसे कोणाला महत्त्वाचे वाटले नसेल.

या कथेचा एक सुखद भागही आहे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात गलगंड इतका असे की त्या परगण्याचेच नाव त्या रोगाला पडले होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला, आणि तोही मिठात आयोडीन घालण्याचा कायदा न करता. झाले होते ते असे. गायी गाभण राहाव्यात आणि वासरे सुदृढ व्हावीत म्हणून गवळी खुराकात आयोडीन मिसळू लागले. सड स्वच्छ करण्यासाठी आयोडीनयुक्त जंतुनाशके आली. 1946 च्या कायद्याने शाळकरी मुलांना फुकट दूध मिळू लागले. कोणी योजना न आखता एका राष्ट्राचा गलगंड दुधाने घालवला. परंतु योजनेवाचून आलेली गोष्ट नकळत जाऊही शकते. दुधाचे सेवन घटत गेले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटनच्या नऊ शहरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या शरीरात आयोडीन अपुरे असल्याचे दिसले. 2013 मधील दुसऱ्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांना आयोडीन कमी पडले होते त्यांच्या मुलांची आठव्या वर्षीची बुद्धिमापनाची गणना तुलनेने उतरलेली आढळली. त्या मुलांना गलगंड नव्हता. जे हरवले होते ते डोळ्यांना दिसणारे नव्हते.

आपल्या देशाने वेगळा, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा, मार्ग धरला. 1956 मध्ये कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग सुरू केला. प्रदेशाचे तीन विभाग पाडून दोहोंना आयोडीनयुक्त मीठ आणि एकाला साधे मीठ देण्यात आले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड स्पष्टपणे ओसरला. मग तिसऱ्यालाही तेच मीठ देण्यात आले. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या या कार्याच्या अहवालावर देव आणि करमरकर ही दोन नावेही आहेत, याचा मराठी श्रोत्याला आनंद वाटावा. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 1992 मध्ये त्याचे नाव आणि क्षेत्र व्यापक झाले, कारण आयोडिनाची उणीव म्हणजे केवळ गलगंड नव्हे, हे तोवर सर्वमान्य झाले होते. माणसांच्या खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली, मध्ये ती उठली, आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. दूध सर्वांना परवडत नाही, मीठ मात्र गरिबातल्या गरिबाच्याही घरी असते, हा त्यामागचा विचार.

तथापि मिठाच्या या व्यवस्थेतून एक प्राणी वगळला गेला आहे, आणि तो म्हणजे गाय. त्याविषयी एक स्वतःची गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी मी हिमालयाच्या पायथ्याशी एका जिल्ह्यात नोकरीनिमित्त होतो. पशुखाद्याच्या साहाय्याचे एक प्रकरण माझ्यापुढे आले. त्यात मोहरीची पेंड होती, भुसा होता, आणि शेवटी खनिज मिश्रणाची एक लहानशी रक्कम होती. मी पेंड ठेवली, भुसा ठेवला आणि ती शेवटची ओळ काटकसर म्हणून खोडली. पुढल्या हिवाळ्यात दौऱ्यावर असताना एका वृद्ध बाईच्या अंगणात थांबलो. तिच्या गळ्याला नारळाएवढा गलगंड होता. तिच्या नातीचा गळा मात्र निर्मळ होता. घरात बाजारची पुडी आली होती, तिचा तो प्रताप. अंगणात गाय सैंधवाचा खडा चाटीत होती. सैंधवात आयोडीन नाममात्र असते. मी वासराची चौकशी केली. बाई म्हणाली, “साहेब, मेलेलेच जन्मले. अंगावर केससुद्धा नव्हते.” आणि गळ्यापाशी हात नेऊन तिने सूज असल्याची खूण केली.

आयोडिनाच्या उणिवेने गायीचे जे होते त्याचे वर्णन ग्रंथांत असेच दिलेले असते. गाय वरून धडधाकट दिसते, दूधही देते. परंतु वासरू दुबळे, केसांवाचून किंवा मृत जन्मते आणि त्याचा गळा सुजलेला असतो. त्या एका वासराचे खरे कारण काय होते, हे तपासणीवाचून मी सांगू शकत नाही. मी खोडलेल्या ओळीचा त्याच्याशी संबंध होता असे म्हणण्यास मजजवळ पुरावा नाही. नव्हता असे म्हणण्यासही नाही. कचेरीत परतल्यावर मी ती ओळ पुन्हा लिहिली. लिहिताना लक्षात आले की मी ज्याला काटकसर म्हटले होते त्यात मुळात किती थोडे पैसे होते.

दुभत्या गायीला तिच्या एकूण कोरड्या चाऱ्याच्या किलोमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम आयोडीन पुरते. पेंडीसारखा अडथळा असेल तर याहून थोडे अधिक लागते. अधिक द्यावयाचे तरी त्यालाही मर्यादा आहे. युरोपात दुभत्या गुरांच्या खाद्यात किलोमागे 5 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठरवली आहे, ती मुख्यतः गायीसाठी नसून दूध पिणाऱ्यासाठी आहे. कारण कासेचे दार पाण्याबरोबर उघडत जाते, आणि गव्हाणीतील अतिरेक दुधातही अतिरेक होऊन उतरतो. लहान मुलाच्या ग्रंथीला उणीव जशी बाधते तसा अतिरेकही बाधतो. धार काढण्यापूर्वी आयोडिनाच्या औषधाने सड धुतले असतील तर ते पुसून कोरडे केल्यावाचून भांडे खाली धरू नये, हेही त्याच कारणास्तव.

माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला 250. सत्तर वर्षांच्या आयुष्याला चार ग्रॅमही लागत नाही, म्हणजे चहाचा चमचादेखील भरणार नाही. पण ते साठवून एकदाच खाता येत नाही. रोजच्या रोज, थोडे थोडे, कोणीतरी ते आपल्यापर्यंत पोचवावे लागते. आईच्या स्तन्यातही आयोडीन ओढणारी तीच यंत्रणा आहे जी गायीच्या कासेत आहे. आणि आईच्या ताटात आयोडीन नसेल तर बाळाच्या तोंडातही ते नसते. गोठ्यात जो नियम आपण पाहिला तोच घरात लागू आहे.

त्या वृद्ध बाईने निरोप घेताना मला दूध देऊ केले होते. वासरू नसलेल्या गायीचे ते दूध. मी ते प्यालो. त्यात आयोडीन किती होते, ते मोजण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते. पण ते किती असू शकेल, हे ठरवणाऱ्यांत माझाही एक हात होता, ही जाणीव त्या पेल्याबरोबर झाली. गव्हाणीत काय पडते, याची चौकशी केल्याशिवाय पेल्यात काय उतरते याची चौकशी पुरी होत नाही, एवढेच मला आज आपल्याला सांगावयाचे होते.